षट्कोनाचं कोडं सोडवणारी कॅथलीन

बेंझिनचा षट्कोन बारावीला आपल्यापैकी कितीतरी जणींनी काढलाय. एक रेघ एकेरी, पुढची दुहेरी, की मिळाले मार्क! तो खरोखर कसा असतो हे एका बाईनं शोधलं, हे मात्र मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

कॅथलीन लॉन्स्डेल. १९०३ साली आयर्लंडमध्ये जन्म, दहा भावंडांत शेंडेफळ. पुढे इंग्लंडमध्ये मुलींच्या शाळेत भौतिक-रसायन शिकवत नसत, म्हणून त्या तासांना ती मुलांच्या शाळेत जाई. लग्नानंतर काम सोडून नेटका संसार करावा, असं तिच्या मनात आलं. फुकटची घरकामवाली आणायला आपण लग्न केलेलं नाही, असं नवऱ्यानं, थॉमसनं, तिलाच बजावलं!

अणू एकमेकांना धरून राहतात ते इलेक्ट्रॉन वाटून घेऊन. एक जोडी वाटली की एकेरी बंध, दोन वाटल्या की दुहेरी. दुहेरी बंधात अणू जास्त जवळ येतात. म्हणजे बेंझिनच्या सहा कार्बनमध्ये असे बंध एकाआड एक असतील, तर बाजू लहान-मोठ्या हव्यात. १९२९ मध्ये लीड्सला कॅथलीननं बेंझिनच्याच कुळातल्या एका पदार्थाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, ढीगभर आकडेमोड हातानं केली. कडं अगदी सपाट निघालं आणि सहाही बाजू सारख्या! ते जादा इलेक्ट्रॉन कुणा दोघांचे नसतात, भोंडल्याच्या फेरासारखे सगळ्या कड्याचे असतात, हे पुढे त्यातूनच पक्कं होत गेलं.

तीन मुलं झाली. ती लहान असताना गणितं घरीच चालत. मदतीला बाई ठेवता यावी म्हणून सर विल्यम ब्रॅग यांनी पैशांची तजवीज केली. (हे आजही किती साहेबांना सुचतं?)

ती क्वेकर पंथाची, युद्धाच्या ठाम विरोधात. महायुद्धात नागरी संरक्षणासाठी नाव नोंदवायला तिनं नकार दिला. लहान मुलांची आई म्हणून सूट मिळालीच असती, पण नाव नोंदवणंच तिला मान्य नव्हतं. दोन पौंड दंडही भरला नाही. १९४३ मध्ये घरी मुलं ठेवून महिनाभर हॉलोवेच्या तुरुंगात! आई म्हणून मला हे पचायला जड जातं, खरंच. तिथंही ती कागद मागवून संशोधन करत राहिली आणि सुटल्यावर कैद्यांच्या हालांबद्दल बोलत राहिली.

दोनच वर्षांनी रॉयल सोसायटीनं पहिल्यांदा दोन बायकांना सदस्य केलं, त्यातली एक ही. १९७१ मध्ये ती गेली. १९५६ साली ‘डेम’ किताब घ्यायला राजवाड्यात जाताना टोपी हवी होती. ती तिनं घरीच बनवली: थोडी लेस, रंगीत पुठ्ठा आणि नऊ पेन्सची रिबीन.