नामदार गोखले आणि सरकारचे अंदाजपत्रक

सुट्टीत मी चामराजपेटला घरी जातो. तिथून जवळच, बुल टेंपल रस्त्यावर, गोखले सार्वजनिक विचार संस्था आहे. कन्नड साहित्यिक डी. व्ही. गुंडप्पा यांनी ती १९४५ साली सुरू केली. बेंगळुरूमध्ये मराठी माणसाचे नाव पाहून मला कुतूहल वाटले आणि मी त्यांचे चरित्र वाचले.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे झाला. वडील लवकर वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून नोकरी धरली आणि गोपाळरावांना शिकवले. १८८४ साली पदवी घेऊन ते पुण्यात शिक्षक झाले. त्यांनी अंकगणिताचे पुस्तक तयार केले. सरकारी अहवालातील आकडे तपासायला ते न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे शिकले.

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्याच्या कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर प्रथम बोलले. तिजोरीत शिल्लक होती म्हणून सरकार खूश होते. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवले, की दुष्काळ आणि प्लेगच्या काळात उरलेला पैसा ही भरभराट नसून जादा करवसुली आहे. तेव्हा मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. सभासदांना अंदाजपत्रकावर मत देता येत नसे, फक्त बोलता येई. तरी ते वर्षानुवर्षे बोलत राहिले. १९०३ साली मिठाचा कर दोन रुपयांवर आला आणि १९०७ साली एक रुपयावर.

एक गोष्ट मात्र मला खटकली. लष्करावरचा खर्च कमी करा, असे ते सतत सांगत. मला तर सैन्यातच जायचे आहे! पुढे वाचल्यावर उलगडा झाला. लष्कराचा खर्च रयत भरत होती, पण हिंदी सैनिकाला सुभेदार मेजरच्या वर बढती नव्हती. त्या अन्यायाबद्दलही गोखले बोलले. पैसा शाळांकडे वळावा, ही त्यांची तळमळ होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे १९११ चे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या ४८ व्या वर्षी ते गेले. सँडहर्स्टचे दार हिंदी तरुणांना १९१८ साली उघडले. ते पाहायला गोखले नव्हते.

मी अधिकारी झालो, तर माझा पगार अंदाजपत्रकातील संरक्षणाच्या रकमेतून येईल. ती रक्कम कोणाच्या कष्टाची आहे, हे मी गोखल्यांकडून शिकलो.