सिमोन स्टेविन : पवनचक्की आणि देशभाषेतील शास्त्र

युरोपीय विज्ञानाच्या इतिहासात सिमोन स्टेविन याचे नाव दशांश अपूर्णांकांचा पुरस्कर्ता आणि स्थितिशास्त्राचा एक आद्य प्रवर्तक म्हणून घेतले जाते. डच भाषेच्या इतिहासात तो शास्त्रीय परिभाषेचा निर्माता म्हणून ओळखला जातो. ही दोन कार्ये बहुधा वेगवेगळ्या अभ्यासकांच्या वाट्याला आली आहेत. परंतु पाणी उपसणाऱ्या पवनचक्कीसंबंधी त्याने जे काम केले त्याकडे पाहिले, तर दोन्हींच्या मुळाशी एकच गरज होती हे ध्यानात येते.

स्टेविनचा जन्म इ. स. १५४८ मध्ये फ्लँडर्समधील ब्रुगे या नगरात झाला. तो विवाहबाह्य संबंधातून जन्मलेला मुलगा होता. तरुणपणी त्याने अँटवर्प येथे हिशेबनीस म्हणून आणि नंतर ब्रुगे येथे करवसुलीच्या कचेरीत काम केले. स्पेनच्या सत्तेविरुद्ध नेदरलँड्समध्ये उठाव चालू असता तो उत्तरेकडे गेला आणि १५८१ पासून लायडन येथे राहू लागला. १५८३ मध्ये, वयाच्या पस्तिशीच्या सुमारास, त्याने तेथील नव्या विद्यापीठात नाव नोंदविले. विद्वत्तेच्या क्षेत्रात तो असा पेढी आणि कचेरी यांच्या वाटेने आला. त्याचे पहिले महत्त्वाचे पुस्तक व्याजाच्या कोष्टकांचे होते (१५८२). सावकारी पेढ्या जी कोष्टके गुपित म्हणून जपत, ती त्याने छापून सर्वांसाठी खुली केली. ज्ञान मूठभरांच्या हाती राहू नये ही वृत्ती पुढे त्याच्या सर्वच कार्यात दिसते.

हॉलंडचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली किंवा जेमतेम तिच्या बरोबरीला आहे. बांध घालून सुरक्षित केलेल्या भूमीत पावसाचे व पाझराचे पाणी साचते आणि ते सतत उपसून वरच्या कालव्यात टाकावे लागते. हे काम पंधराव्या शतकापासून पवनचक्क्या करीत होत्या. तिची रचना अशी : वाऱ्याने फिरणाऱ्या पात्यांचा जाड आस माथ्यावर बसविलेला असतो. त्या आसावरील मोठ्या चाकाचे लाकडी दात एका उभ्या खांबाच्या टोकाशी बसविलेल्या, दांड्यांच्या पिंजऱ्यासारख्या चाकात गुंततात. खांब फिरू लागतो आणि त्याच्या तळाशी असलेले दुसरे दातेरी चाक ती गती पुन्हा आडव्या आसाला देते. या आसावर फळ्या लावलेले मोठे चाक असते. ते अरुंद पन्हाळीतून पाणी वर लोटते. बैलाने फिरविल्या जाणाऱ्या रहाटात आडव्या चाकाची फेरी उभ्या चाकात कशी उतरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला ही योजना परकी वाटणार नाही. फरक एवढाच की येथे गतीची दिशा दोनदा बदलते आणि बैलाच्या जागी वारा असतो.

सुतारांच्या पिढ्यांनी अनुभवाने घडविलेल्या या यंत्रात दोष होते. फळ्यांच्या कडांमधून पाणी मागे ओघळे. चाकावर किती दात असावेत, फळी किती रुंद असावी, याचा निर्णय अंदाजाने होई. वर आणि खाली यांना जोडणारी ही दातेरी साखळीच स्टेविनने गणिताच्या कक्षेत आणली. १५८६ मध्ये त्याने वजनांच्या समतोलावर आणि पाण्याच्या भारावर ग्रंथ प्रसिद्ध केले. उतरणीवरील वजनांचा नियम त्याने चौदा गोळ्यांच्या माळेची कल्पना करून सिद्ध केला. पाण्याचा तळावरील दाब भांड्याच्या आकारावर नव्हे, तर तळाचे क्षेत्रफळ आणि पाण्याची उंची यांवर अवलंबून असतो, हेही त्याने दाखविले. हीच तत्त्वे त्याने पवनचक्कीला लावली. फळीवर पाण्याचा भार किती येतो हे प्रथम काढावयाचे, मग चाकांच्या त्रिज्या आणि दातांची संख्या यांच्या आधारे तो भार पायरीपायरीने वर न्यावयाचा आणि शेवटी पात्याच्या प्रत्येक चौरस फुटावर वाऱ्याचा किती जोर हवा हे ठरवावयाचे, अशी त्याची पद्धत होती. हिशेबाची दिशा पाण्याकडून वाऱ्याकडे, म्हणजे यंत्राच्या चालीच्या उलट होती. त्याच्या नव्या रचनेत फळ्या संख्येने कमी पण आकाराने मोठ्या होत्या, चाक सावकाश फिरे आणि फळ्यांच्या कडांना चामड्याच्या पट्ट्या लावून गळती रोखलेली असे.

१५८४ पासून त्याला पाणी उपसण्याच्या साधनांसाठी एकस्वे, म्हणजे पेटंट मिळू लागली. डेल्फ्टचा नगराधिकारी यान दे ग्रोट, म्हणजे विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस याचा पिता, या उद्योगात त्याचा भागीदार होता. डेल्फ्ट येथील चक्की नव्या पद्धतीने बांधल्यावर ती पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक पाणी उपसते असा अनुकूल निर्वाळा मिळाला. सर्वत्र मात्र असे घडले नाही. आयसेलस्टाइन येथील चक्कीवरून तर वाद उभा राहिला. स्टेविनचे गणित समतोलाचे होते. गतीला होणारा घर्षणाचा अडथळा नियमात बसविता येत नाही, असे त्याचे स्वतःचेच मत होते आणि लाकडी दातांवर लाकडी दात आदळणाऱ्या यंत्रात तो अडथळा लहान नव्हता. चिंतन आणि कृती ही दोन्ही अंगे परस्परांविना अपुरी आहेत, हा त्याचा आग्रह या अनुभवाच्या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे.

भाषेचा प्रश्न येथेच उद्भवतो. दात कापणारा सुतार लॅटिन जाणत नव्हता आणि विद्यापीठ लॅटिनखेरीज बोलत नव्हते. समतोलावरील ग्रंथाला स्टेविनने डच भाषेच्या योग्यतेवरील एक प्रबंध जोडला. या भाषेतील एकाक्षरी शब्दांमुळे जोडशब्द सहज घडतात आणि वस्तूचे स्वरूप नावातूनच उमगते, असे त्याचे प्रतिपादन होते. पुराव्यादाखल त्याने एकाक्षरी क्रियारूपांची मोजदाद दिली : डचमध्ये ७४२, ग्रीकमध्ये ४५ आणि लॅटिनमध्ये अवघी ५. आजच्या भाषाशास्त्राला ही कसोटी मान्य होणार नाही. तथापि त्याच्या शब्दनिर्मितीचे फळ टिकाऊ ठरले. गणिताला त्याने निश्चित ज्ञानाची कला या अर्थाचा शब्द दिला. त्यापासून आलेला शब्द डचमध्ये आजही रूढ आहे. समांतर या अर्थाची त्याची संज्ञाही टिकली. दशांशांवरील पुस्तिका (१५८५) त्याने भूमापक, व्यापारी, टांकसाळीचे अधिकारी यांना उद्देशून लिहिली आणि नाणी व मापे दशमान असावीत अशी सूचना केली. ज्या देशात दशमान स्थानमूल्याची पद्धत उदयाला आली, त्या भारतात दशमान नाणी १९५७ मध्ये आली. स्टेविनचा आग्रह एकांगी मात्र नव्हता. अंकगणितावरील ग्रंथ त्याने फ्रेंचमध्ये लिहिला.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला येथे काळाची एक जुळणी जाणवेल. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशी येथे पूर्ण केले आणि संस्कृतपुढे मराठीची बाजू मांडली. स्टेविनच्या जन्मानंतर एका वर्षाने इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि त्याच्या मृत्यूच्या एक वर्ष आधी निवर्तलेले फादर स्टीफन्स यांनी गोमंतकात मराठी ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये छापून निघाले. या तिघांत परस्परसंबंध नव्हता. तिघांनीही देशभाषेचे समर्थन केले, पण पहिल्या दोघांचा श्रोता भाविक होता आणि स्टेविनचा श्रोता कारागीर होता. देशभाषेच्या उदयाचा इतिहास केवळ भक्तिवाङ्मयाच्या आधारे लिहिला, तर ही दुसरी बाजू निसटते.

ऑरेंजचा राजपुत्र मॉरिस याचा शिक्षक आणि सल्लागार म्हणून स्टेविनचे उत्तरायुष्य गेले. १६०० मध्ये लायडन येथे अभियंत्यांसाठी डच भाषेतून शिक्षण देणारी शाळा निघाली. तिचा अभ्यासक्रम त्याने आखला. सुमारे १६०२ मध्ये स्खेवेनिंगनच्या वाळूवर शिडांची गाडी धावली, तीही त्याचीच. राजपुत्रासाठी लिहिलेले गणिती ग्रंथ १६०५ ते १६०८ या काळात छापले गेले. इतर देशांतील विद्वानांसाठी मात्र ते स्नेल याला लॅटिनमध्ये आणावे लागले. देशभाषेचा कैवार घेणाऱ्याला याची किंमत मोजावी लागली. त्याची कीर्ती बाहेर पोहोचली ती अनुवादांच्या द्वारे. १६२० मध्ये तो मरण पावला.

ब्रुगे येथे १८४६ मध्ये त्याचा पुतळा उभारण्यात आला. पवनचक्क्यांवरील त्याचा प्रबंध मात्र त्याच्या हयातीत छापला गेला नाही. पुत्र हेंड्रिक याने पित्याची टिपणे जमवून त्यांतील काही भाग सतराव्या शतकात प्रकाशात आणला. मूळ हस्तलिखित छापले गेले ते १८८४ मध्ये. तोवर उपशाच्या कामावर वाफेच्या यंत्रांनी ताबा मिळविला होता. ज्या सुतारासाठी डच भाषेत दातांचा हिशेब मांडला गेला, त्याच्या हाती तो ग्रंथरूपाने कधी पडलाच नाही. भाषा सिद्ध झाली होती, शास्त्रही सिद्ध झाले होते. उणीव राहिली ती दोन्ही कारागिराच्या हाती पोहोचविण्याची.