अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज इतका रुळला आहे की, तो कुणीतरी प्रथम घडवला असेल, असे मनातही येत नाही. देशभर सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत आणि काश्मीरपासून केरळपर्यंत त्यांना याच मराठमोळ्या नावाने ओळखले जाते. या शब्दामागे उभी असलेली बाई मुंबईत जन्मली, दादरच्या हिंदू कॉलनीत तिने बालशाळा चालवली आणि वयाची पन्नाशी ओलांडल्यावर शहर सोडून ती ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या एका गावी जाऊन राहिली. तिचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई ही दोघेही प्रार्थना समाजाच्या वातावरणातली. मुलीने शिकावे, स्वतंत्र बुद्धीने विचार करावा, हे त्या घरात कुणाला पटवून द्यावे लागत नव्हते. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. पुढच्याच वर्षी अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पतीपासून विभक्त होऊन, लहानग्या मुलीला सोबत घेऊन त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. घटस्फोट हा शब्दही उच्चारायला लोक कचरत, असा तो काळ होता. रत्नाकर मतकरी यांनी ‘घर तिघांचं हवं’ हे नाटक ताराबाईंच्या जीवनावरून लिहिले. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील ही बाजू मराठी प्रेक्षकांना थोडीफार परिचित आहे. त्यांच्या कार्याची मुळे मात्र याहून खोल होती.

राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद ताराबाईंकडे आले. पगार चांगला होता, प्रतिष्ठा होती आणि एकटीने संसार चालवणाऱ्या स्त्रीला हवी असलेली सुरक्षितताही होती. परंतु त्यांच्या लहान मुलीला शिकवायचे कसे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. छडी, पाठांतर आणि भीती यांच्यापलीकडचे काही त्यांना हवे होते. त्याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका १९२० पासून बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसोरी पद्धतीकडे वळले आणि वकिली सोडून मुलांत रमले. १९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटची नोकरी सोडली आणि त्या भावनगरला गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या.

इथे थोडे मागे जाऊन या पद्धतीचे मूळ पाहायला हवे, कारण ताराबाईंच्या पुढच्या प्रवासाचा अर्थ त्यातून अधिक उलगडतो. डॉ. मारिया माँटेसोरी पेशाने डॉक्टर होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये त्यांचा संबंध आला तो मतिमंद म्हणून बाजूला टाकलेल्या मुलांशी. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यासाठी त्यांनी इटार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांच्या ग्रंथांचा अभ्यास केला. इटार पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेत काम करीत. जंगलात सापडलेल्या एका मुलाला माणसांत आणण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे कष्ट घेतले होते. त्यांचे शिष्य सेगँ यांनी मंदबुद्धी मुलांसाठी हात, डोळे, कान आणि स्पर्श यांना वळण लावणारी साधने तयार केली होती. माँटेसोरींनी ही साधने सुधारून आपल्या विद्यार्थ्यांना दिली. तेव्हा त्यातली काही मुले सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. त्या यशाने माँटेसोरींना आनंदापेक्षा प्रश्नच अधिक पडला. ही मुले इतके करू शकतात, तर धडधाकट मुलांच्या शाळा त्यांना इतके मागे कसे ठेवतात? या प्रश्नातून ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या कामगारवस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले.

म्हणजे आज उंची शाळांच्या पाट्यांवर मिरवणारी ही पद्धत जन्माला आली ती विशेष मुलांच्या वर्गात आणि वाढली ती गरिबांच्या वस्तीत. ज्या मुलाला सर्वांनी सोडून दिले, त्याच्यासाठी जे शोधले गेले ते सर्वच मुलांच्या उपयोगी पडले. आपल्या मुंबईतही विशेष शिक्षणाची परंपरा जुनी आहे. ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनरी बाईंनी १९०० मध्ये दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर अंध मुलांसाठी सुरू केलेली शाळा पुढे दादरची अंध शाळा म्हणून नावारूपाला आली. आज ती कमला मेहता अंध शाळा या नावाने ओळखली जाते.

भावनगरला ताराबाई आणि गिजुभाई यांनी ही युरोपीय पद्धत जशीच्या तशी उचलली नाही. माँटेसोरींना लहान मुलांच्या शिक्षणात परीकथांना फारसे स्थान द्यावेसे वाटत नसे. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिरात मानाची जागा दिली. लोकगीते, बडबडगीते, नाच, मातीकाम, बागकाम हे सारे गुजरातच्या मातीतून आले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षण पत्रिका’ प्रथम गुजरातीत निघाली आणि पुढे तिच्या मराठी आवृत्तीची धुराही ताराबाईंनी वाहिली. लहान मुलांच्या हट्टाकडे, रडण्याकडे, खोडकरपणाकडे शास्त्रीय दृष्टीने पाहायला मराठी पालकांना ज्यांनी शिकवले, त्यांत ताराबाईंच्या लेखणीचा वाटा मोठा आहे. मुलांसाठीही त्यांनी लिहिले. त्यांचे ‘नदीची गोष्ट’ हे छोटेसे पुस्तक कित्येक पिढ्यांच्या हाती गेले.

पुढे ताराबाई मुंबईला परतल्या आणि १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी शिशुविहार सुरू केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखणी केली. रुंद रस्ते, झाडी आणि मोकळी हवा असलेल्या या नव्या वस्तीत नोकरदार, शिक्षित मराठी कुटुंबे स्थिरावत होती. मुलाला सहाव्या-सातव्या वर्षी शाळेत घालायचे, तोवर त्याने घरात उच्छाद मांडायचा, हीच सर्वमान्य रीत होती. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला शाळेत पाठवायचे, तेही पाटी-पेन्सिल न देता, ही कल्पना दादरकरांनाही नवीनच होती.

शिशुविहारासारख्या बालमंदिरात मुले काय करीत, असे कुणी विचारले तर उत्तर साधे होते. ती काम करीत. दट्ट्यांच्या पेटीतील लहानमोठे दट्टे नेमक्या खाचेत बसवताना डोळा आणि बोटे यांचा मेळ बसे. गुलाबी मनोरा रचताना लहान-मोठ्याचे भान येई. चौकटीवरील कापडाची गुंडी लावता-काढता स्वतःचा सदरा स्वतः घालण्याची तयारी होई. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवताना लिहिण्याचे वळण हाताला आधी कळे आणि मग डोळ्यांना. चूक झाली तर बाईंनी रागावण्याची गरज नसे, कारण दट्टा खाचेत बसतच नसे. मुलाला आपली चूक आपणच कळे. ज्या मुलाला शिकायला वेळ लागतो, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लाखमोलाची होती. चारचौघांत हसे न होता तो दहा वेळा प्रयत्न करू शकत होता.

शिशुविहाराच्या जोडीने शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे कामही ताराबाईंनी हाती घेतले. बालशिक्षण म्हणजे फावल्या वेळात मुले सांभाळणे, अशी समजूत त्या काळी होती आणि दुर्दैवाने ती आजही पुरती गेलेली नाही. लहान मुलांना शिकवणे हे मोठ्यांना शिकवण्याहून अवघड असून त्यासाठी वेगळी तयारी लागते, हा विचार ताराबाईंनी महाराष्ट्रात रुजवला. १९३९ च्या जूनमध्ये गिजुभाईंचे निधन झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द माँटेसोरी भारतात आल्या आणि युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. देशभर या पद्धतीचा बोलबाला झाला. दादरला ताराबाईंचे नाव झाले होते, संस्था उभी होती, पालकांचा विश्वास लाभला होता. एखाद्याने इथेच समाधान मानले असते.

ताराबाईंच्या मनात मात्र वेगळीच खळबळ होती. १९३१ मध्ये लंडनच्या माँटेसोरी प्रशिक्षण महाविद्यालयात बोलताना गांधीजींनी या शिक्षणाचा लाभ भारतातील दरिद्री मुलांपर्यंत पोहोचावा, अशी अपेक्षा व्यक्त केली होती. प्रत्यक्षात उलटेच घडत होते. महागडी साधने, प्रशस्त खोल्या आणि प्रशिक्षित शिक्षिका ज्यांना परवडतील, त्यांच्याच मुलांना बालमंदिर मिळत होते. गरिबांसाठी सुरू झालेली पद्धत श्रीमंतांच्या दारी जाऊन बसली होती. ही विसंगती ताराबाईंना जाणवली आणि १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. त्या वेळी त्यांना सहकारी लाभल्या त्या अनुताई वाघ. लहानपणीच वैधव्य आलेल्या आणि जिद्दीने शिक्षिका झालेल्या अनुताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या. या गुरुशिष्येची जोडी अखेरपर्यंत टिकली.

बोर्डीत दादरचे काहीच चालणार नव्हते. आयात केलेल्या लाकडी साधनांसाठी पैसा नव्हता. मग समुद्रावरचे शंख-शिंपले, नदीतले गोटे, झाडांच्या बिया, पाने, फुले, बांबूचे तुकडे आणि माती हीच साधने झाली. शिंपले लहान-मोठे लावता येत, बिया मोजता येत, पानांचे आकार जुळवता येत. साधन बदलले तरी त्यामागचे शास्त्र तेच राहिले.

खरी अडचण पुढेच होती. बालवाडी उघडली तरी दलित वस्तीतील मुले तिकडे फिरकत नव्हती. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे असे, कुणाला अंगावर धड कपडा नसे आणि जातीची भिंत तर उभी होतीच. मुले शाळेत येत नसतील, तर शाळेने मुलांकडे जावे, असे ताराबाईंनी ठरवले. वस्तीतल्या घराच्या अंगणात, झाडाच्या सावलीत शाळा भरू लागली. आधी मुलांना आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून हे सारे पाहत आणि पाहता पाहता शिकतही. अंगणात भरणारी बालवाडी ती अंगणवाडी.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. अवतीभवती वारली आदिवासींचे पाडे विखुरलेले होते. बोर्डीचे केंद्र सुरू झाले त्या १९४५ सालीच याच परिसरात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठाव झाला होता आणि गोदावरी परुळेकर तिथे काम करीत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या सावकार-जमीनदारांकडे राबलेल्या या समाजाला शाळेचे आकर्षण वाटावे, असे काहीच कारण नव्हते. मूल गुरे राखायला गेले तर घराला हातभार लागे. पुस्तकातील मराठी त्याच्या बोलीहून दूरची होती.

ताराबाई आणि अनुताई यांनी या अडचणींवर उपाय शोधले ते अडचणींच्याच आत शिरून. धाकटे भावंड कडेवर असल्याने मोठी मुलगी शाळेत येऊ शकत नसेल, तर त्या भावंडासाठी पाळणाघर हवे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणणारी विकासवाडी आकाराला आली. गुराख्यांची मुले दिवसभर रानात असतील, तर शिक्षकाने रानात जावे. त्यातून कुरणशाळा निघाली. वारल्यांची गाणी आणि नाच वर्गात आले. मुलाला शाळेच्या मापात बसवण्याऐवजी शाळाच मुलाच्या मापाची करण्याचा हा प्रयोग होता. आज विशेष शिक्षणाचे अभ्यासक नेमका हाच विचार सर्वसमावेशक शिक्षण या नावाने मांडतात. कोसबाडच्या टेकडीवर त्याला असे भारदस्त नाव नव्हते, एवढेच.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरवले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये आपल्या निधनापर्यंत नेटाने पुढे नेले.

नाव देशभर गेले. त्यामागचा आशय किती गेला, हा प्रश्न मात्र उरतोच. अंगणवाडी म्हटले की सामान्यतः पूरक आहार आणि लसीकरण आठवते, शिक्षण त्यानंतर. ज्या शिक्षिकेच्या तयारीवर ताराबाईंनी आयुष्य वेचले, ती आजची अंगणवाडी सेविका मानधनावर काम करते. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायलाही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. अंगणवाडीत दिव्यांग मुलांना कसे ओळखावे आणि कसे सामावून घ्यावे, याची राष्ट्रीय कार्यपद्धती केंद्र सरकारने जाहीर केली ती २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. विशेष मुलांच्या वर्गात निघालेली पद्धत पुन्हा त्यांच्यापर्यंत यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

हिंदू कॉलनीतील शांत गल्ल्यांतून जाताना तिथे कधीकाळी सुरू झालेल्या एका बालशाळेचा धागा डहाणूच्या पाड्यांपर्यंत जातो, हे आज सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बालवर्गाच्या प्रवेशासाठी पालक रात्ररात्र रांगा लावतात, तीन वर्षांच्या मुलांच्या मुलाखती होतात आणि जे मूल उशिरा बोलते, उशिरा शिकते, ते पहिल्याच दारातून परत फिरते. ताराबाईंनी आयुष्यभर अशाच मुलाच्या मागे शाळा नेली. चांगल्या शाळेची परीक्षा तिथे शिरलेल्या हुशार मुलांवरून करायची की बाहेर राहिलेल्या मुलावरून, याचा निर्णय त्यांनी १९४५ सालीच करून टाकला होता. आपल्याला तो अजून करायचा आहे.