लांडगे मारले, मग हरणं उपाशी का मेली?

वस्तीजवळ हरणं वाढली की त्यांना खाणारे प्राणी उरलेत का, हेही तपासावं लागतं. हा धडा आल्डो लिओपोल्ड स्वतःच्या चुकीतून शिकले.

१८८७ साली आयोवात जन्मलेले लिओपोल्ड १९०९ मध्ये अमेरिकेच्या वनखात्यात रुजू झाले. लांडगे संपले की हरणं वाढतील, असं तेव्हा तेही मानायचे. त्यांनी लांडगे मारलेही. हरणं वाढली, पण कोवळी झाडं फस्त झाली आणि हरणंच भुकेने मरू लागली.

१९३३ पासून ते मॅडिसनच्या विद्यापीठात प्राध्यापक होते. आपली चूक त्यांनी लिहून कबूल केली. विस्कॉन्सिनमध्ये हरणं कमी करायला माद्यांचीही शिकार करा, असं त्यांनी सांगताच लोक खवळले. ते मागे हटले नाहीत.

१९४८ मध्ये शेजाऱ्याच्या रानातली आग विझवताना त्यांचं निधन झालं.