वुल्फगँग पाउली आणि चौथा अंक

विद्यार्थी मित्रांनो, रसायनशास्त्राच्या तासाला इलेक्ट्रॉनचे चार पुंजांक तुम्ही पाठ करता आणि निकाल लागला की विसरता. त्यांतला चौथा अंक ज्यांनी दिला, त्या वुल्फगँग पाउली यांची ओळख आज करून घेऊ.

२५ एप्रिल १९०० रोजी व्हिएन्ना येथे त्यांचा जन्म झाला. म्युनिकला सोमरफेल्ड यांच्यासारखे गुरू लाभले. (विद्यार्थी घडवावेत तर त्यांनीच!) एकविसाव्या वर्षी पाउली डॉक्टर झाले आणि त्याच वर्षी सापेक्षता सिद्धांतावरचा त्यांचा दोनशेहून अधिक पानांचा लेख एका ज्ञानकोशात छापून आला.

त्या काळी अणूतल्या इलेक्ट्रॉनचा पत्ता तीन अंकांनी सांगत. पहिला अंक म्हणजे कोणते कवच, दुसरा कक्षेचा आकार, तिसरा चुंबकीय क्षेत्रात तिची दिशा. जिन्याला पायऱ्या असतात तसे हे अंक ठरावीकच असतात. मधल्या जागेत पाय ठेवता येत नाही. परंतु चुंबकाजवळ अणूंच्या वर्णरेषा ज्या रीतीने फुटत, तो हिशेब तीन अंकांत बसेना. कोपनहेगनला बोर यांच्याकडे असताना पाउली या कोड्याने अगदी हैराण झाले होते.

पुढे हॅम्बुर्गला असताना, १९२५ साली, त्यांनी उत्तर दिले. इलेक्ट्रॉनला चौथा अंक असतो, त्याच्या किमती दोनच. आणि एका अणूतल्या कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही अंक सारखे असू शकत नाहीत. हेच त्यांचे विवर्जन तत्त्व. आता हिशेब करून पाहा. पहिल्या कवचात दोघांनाच जागा. हेलियमचे दोन इलेक्ट्रॉन तिथे बसले की कवच भरले, म्हणून हेलियम कोणाशी संयोग पावत नाही. लिथियमच्या तिसऱ्याला बाहेरच्या कवचात जावे लागते, तो सहज सुटतो, म्हणून लिथियम एवढा क्रियाशील. ही मनाई नसती तर सगळे इलेक्ट्रॉन तळाच्या कवचात गोळा झाले असते, आणि तुमची आवर्त सारणीही उरली नसती!

या चौथ्या अंकाचे चित्र काढता येणार नाही, असे पाउली यांचे मत होते. त्याच वर्षी क्रोनिग नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाने त्यांना सुचवले की इलेक्ट्रॉन स्वतःभोवती फिरतो असे मानावे. पाउली यांनी ती कल्पना झटकून टाकली, आणि बिचाऱ्याने ती छापलीच नाही. काही महिन्यांतच हॉलंडच्या उलेनबेक व गाउडस्मिट यांनी तीच कल्पना प्रसिद्ध केली व नाव मिळवले. इलेक्ट्रॉन भोवऱ्यासारखा खरोखर फिरत नाही, ही पाउलींची शंका रास्तच होती; तरी त्या तरुणावर अन्याय झाला, असे मला वाटते. पाउलींनी १९२७ साली याच स्पिनचे गणित स्वतः मांडले. १९२८ साली ते झुरिचला प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांचे साहाय्यक म्हणून आले ते हेच क्रोनिग!

घराणे मूळचे ज्यू असल्याने १९४० साली पाउली यांना युरोप सोडून अमेरिकेत प्रिन्स्टनला जावे लागले. तिथे असतानाच १९४५ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते या विवर्जन तत्त्वासाठी. युद्धानंतर ते झुरिचला परतले. तिथेच १५ डिसेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले.