राजवाड्यातून जगाच्या अंगणात : राजदूत अप्पासाहेब पंत

घणसोली गावातील आमच्या निवासी शाळेत इतिहास शिकविताना ‘राजदूत’ हा शब्द आला की विद्यार्थी हमखास विचारतात : हे पद कोणाला मिळते? नाक्यावर काम शोधणाऱ्या, कारखान्यात पाळ्या करणाऱ्या आईबापांच्या या लेकरांच्या प्रश्नात कुतूहल असते, तशी शंकाही असते. उत्तर देताना आम्ही त्यांना सातारा जिल्ह्यातील औंधच्या एका राजपुत्राचे चरित्र सांगतो.

अप्पासाहेब पंत यांचा जन्म 11 सप्टेंबर 1912 रोजी झाला. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे त्यांचे वडील. ऑक्सफर्डचे शिक्षण व बॅरिस्टरची पदवी घेऊन ते परतले, तेव्हा सुखासीन आयुष्य त्यांच्यापुढे तयार होते. परंतु पितापुत्रांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने व गांधीजींच्या सल्ल्याने 1939 मध्ये औंधच्या 72 गावांचा कारभार प्रजेच्या हाती सोपविला. ग्रामपंचायत हा त्या राज्यघटनेचा पाया होता. संस्थानिक आपल्या अधिकारांना घट्ट कवटाळून बसले होते, त्या काळातील ही घटना आहे.

या घटनेत मतदानासाठी साक्षरतेची अट मात्र होती. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांचाच मार्ग त्या अटीपाशी अडत होता. बाबासाहेबांनी तर 1928 मध्येच सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली होती. औंधच्या प्रयोगाचा गौरव करताना ही उणीव आम्ही विद्यार्थ्यांपासून लपवीत नाही.

1948 मध्ये संस्थान विलीन झाले. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी अप्पासाहेबांना पूर्व आफ्रिकेतील भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीस पाठविले. तेथे सर्वांत वर गोरे, मध्ये भारतीय व्यापारी आणि तळाशी भूमिपुत्र आफ्रिकी, अशी समाजाची उतरंड होती. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. त्या उतरंडीच्या मधल्या पायरीवर सुखाने बसणे अप्पासाहेबांना सहज शक्य होते. त्यांनी जोमो केन्याटांसारख्या आफ्रिकी नेत्यांशी मैत्री जोडली, आफ्रिकी तरुणांना भारतातील विद्यापीठांत शिकता यावे म्हणून शिष्यवृत्त्यांसाठी प्रयत्न केले आणि तेथील भारतीयांना भूमिपुत्रांच्या बाजूने उभे राहण्याचा आग्रह धरला. ब्रिटिश सत्ताधाऱ्यांचा रोष ओढवला. 1954 मध्ये त्यांना नैरोबी सोडावे लागले. आमच्या मते त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठा सन्मान हाच होय.

1955 पासून ते गंगटोक येथे भारताचे राजकीय अधिकारी होते. सिक्कीम व भूतानबरोबरच तिबेटमधील भारतीय कार्यालयांची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. 1956 हे भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणाचे 2500 वे वर्ष. त्या सोहळ्यासाठी दलाई लामा नोव्हेंबरमध्ये सिक्कीममार्गे भारतात आले. त्या भेटीच्या सिद्धतेत अप्पासाहेबांचा मोठा वाटा होता. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी, 14 ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली होती. हिमालयाच्या पायथ्याशी राजशिष्टाचाराने होणारे स्वागत आणि नागपुरात सामान्यजनांनी केलेला धम्मस्वीकार, या दोन्ही घटना एकाच शरद ऋतूतील आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या शेजारी ठेवून वाचाव्यात.

पुढे इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त व इटली या देशांत ते राजदूत होते. 1969 ते 1972 या काळात ते लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. ज्या साम्राज्याच्या नाराजीमुळे नैरोबी सुटली, त्याच्याच राजधानीत ते स्वतंत्र भारताचे प्रतिनिधी म्हणून वावरले. निवृत्तीनंतर त्यांनी ग्रंथलेखन केले. औंधच्या राजघराण्याचा सूर्यनमस्काराचा वारसाही त्यांनी जपला. 1992 मध्ये त्यांचे निधन झाले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. स्वातंत्र्याच्या प्रारंभी अशा पदांवर संस्थानिक व प्रतिष्ठित घराण्यांतील अनेकांची थेट नेमणूक झाली. अप्पासाहेबांच्या हाती जन्मतःच दरवाजाची किल्ली होती. तिचा उपयोग त्यांनी दाराबाहेरच्यांसाठी केला, म्हणून ते स्मरणीय ठरतात. परंतु त्याच काळात, 1949 मध्ये, केरळातील एका गरीब दलित कुटुंबात जन्मलेले के. आर. नारायणन परराष्ट्र सेवेत दाखल झाले. ते थायलंड, तुर्कस्तान, चीन व अमेरिकेत राजदूत झाले आणि 1997 मध्ये राष्ट्रपतिपदी पोहोचले. आज त्या सेवेत प्रवेशासाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा आहे. तिच्या अर्जात राजवाड्याचा रकाना नाही.

आमच्या वसतिगृहातून एखादी विद्यार्थिनी त्या परीक्षेस बसेल, अशी आम्हांस आशा आहे. ती राजदूत झालीच, तर परदेशातील उतरंडीत तळाशी कोण आहे, हे तिने प्रथम पाहावे. नैरोबीतील अप्पासाहेबांकडून घ्यावयाचा धडा एवढाच.