शेतकऱ्यांचा सेनापती

पोलंड हा युरोपातील एक प्राचीन देश. अठराव्या शतकात रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांची वक्रदृष्टी त्याच्यावर वळली. इ. स. १७७२ मध्ये त्यांनी त्याचे लचके तोडले. अशा पडत्या काळात ज्याने सामान्य शेतकऱ्याच्या हाती स्वातंत्र्याचे निशाण दिले, तो वीर म्हणजे तादेऊश कोश्चुश्को.

कोश्चुश्कोचा जन्म १७४६ मध्ये एका बेताच्या सांपत्तिक स्थितीच्या सरदार घराण्यात झाला. वॉर्सा येथील सैनिकी शाळेत व पुढे पॅरिसमध्ये त्याचे शिक्षण झाले. १७७६ मध्ये तो अमेरिकेस गेला. तेथील वसाहती त्या वेळी इंग्लंडविरुद्ध लढत होत्या. साराटोगा व वेस्ट पॉइंट येथील तटबंदीची आखणी करून त्याने मोठा लौकिक मिळविला. परंतु परक्या भूमीवरील मानसन्मानात त्याचे मन रमले नाही. १७८४ मध्ये तो मायदेशी परतला.

१७९३ मध्ये रशिया व प्रशिया यांनी पोलंडचा आणखी मोठा प्रदेश गिळंकृत केला. तेव्हा २४ मार्च १७९४ रोजी क्राकूव्ह शहराच्या चौकात कोश्चुश्कोने स्वातंत्र्ययुद्धाची शपथ घेतली. सैन्य थोडे होते, बंदुका अपुऱ्या होत्या. म्हणून त्याने शेतकऱ्यांना हाक दिली. हे शेतकरी वेठबिगारीने पिचलेले होते. जमीनदाराच्या परवानगीवाचून त्यांना गावही सोडता येत नसे. तरीही ते धावून आले.

गवत कापण्याचे लांब दांड्याचे विळे हेच त्यांचे शस्त्र. या विळ्याचे पाते दांड्याला आडवे असते. लोहारांनी ते दांड्याच्या सरळ रेषेत बसविले आणि त्याचा भाला बनला. ४ एप्रिल रोजी रात्सवावित्से येथे शेतकरी हे विळे घेऊन रशियन तोफांवर तुटून पडले. बार्तोश ग्वोवात्स्की नावाच्या शेतकऱ्याने शत्रूच्या तोफेची बत्ती आपल्या टोपीने विझविली, असे सांगतात. तोफा हाती आल्या, विजय मिळाला. शेतकऱ्यांच्या सन्मानार्थ कोश्चुश्कोने त्यांच्यासारखा जाडाभरडा अंगरखा परिधान केला.

केवळ गौरव करून तो थांबला नाही. ७ मे रोजी जाहीरनामा काढून त्याने शेतकऱ्यांना व्यक्तिस्वातंत्र्य दिले व वेठीचे दिवस कमी केले. अनेक जमीनदारांनी मात्र ही आज्ञा पाळली नाही. १० ऑक्टोबर रोजी मात्सेयोवित्सेच्या लढाईत तो घायाळ होऊन कैद झाला. १७९५ मध्ये पोलंड नकाशावरून नाहीसा झाला.

१७९६ मध्ये त्याची सुटका झाली. १७९८ मध्ये त्याने मृत्युपत्र करून आपली अमेरिकेतील संपत्ती तेथील गुलामांच्या मुक्ततेसाठी व शिक्षणासाठी ठेवली. परंतु पुढे तिचा तसा विनियोग झाला नाही. १८१७ मध्ये त्याने स्वतःच्या जहागिरीतील शेतकऱ्यांनाही वेठीतून मुक्त केले. त्याच वर्षी १५ ऑक्टोबर रोजी स्वित्झर्लंडमध्ये त्याचा अंत झाला.

१८२० ते १८२३ या काळात लोकांनी क्राकूव्हजवळ त्याच्या स्मरणार्थ मातीची टेकडी उभारली. तीत रात्सवावित्सेच्या रणभूमीची मातीही आहे. पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला तो १९१८ मध्ये. जो देश आपल्या कष्टकऱ्यांना मोकळे करीत नाही, तो स्वतःही मोकळा होऊ शकत नाही, हे कोश्चुश्कोने फार पूर्वीच ओळखले होते.